पस्तीस यार्डांचा हिशेब

"बायकांचा गोल्फ अचूकतेचा, पुरुषांचा ताकदीचा." क्लबात हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की बोलणाऱ्याने तोंड उघडायच्या आतच मला ते ओळखू येतं. बोलणारे बहुतेक वेळा पोट सुटलेले आणि स्लाइस, म्हणजे उजवीकडे वाकडा जाणारा फटका, मारणारे असतात, तो भाग वेगळा. मला मात्र फटक्याचं अंतरच वाढवायचं होतं.

गोल्फ न खेळणाऱ्यांसाठी आकडे सांगते. माझा ड्राइव्ह, म्हणजे सुरुवातीचा लांब फटका, हवेतून 130 यार्डांच्या आसपास जायचा. जमीन कोरडी असली तर पुढे दहा-पंधरा यार्ड घरंगळायचा. लाल टीवरून, म्हणजे बायकांच्या सुरुवातीच्या जागेवरून, 310 यार्डांचा पार फोर (चार फटक्यांत संपवायचं भोक) घेतला, तर ड्राइव्हनंतर 165 यार्ड उरायचे. तेवढं अंतर माझ्या पिशवीतल्या कुठल्याही क्लबने (गोल्फच्या दांडक्याने) कापता येत नव्हतं. म्हणजे हायब्रिड (मधल्या अंतराचा क्लब) मारायचा, मग अर्धामुर्धा वेज (आखूड अंतराचा क्लब), आणि पार हवा असेल तर पहिलाच पट, म्हणजे भोकाजवळचा हलका फटका, भोकात जायला हवा. पट्टीचा पट मारणारा असला तरी अठरा भोकं कोण असं खेळणार? पन्नाशी ओलांडल्यावर अंतर वाढवायच्या मागे लागण्याचं एवढंच कारण होतं. कुणाला हरवायचं नव्हतं, फक्त दुसऱ्या फटक्यात ग्रीनवर, म्हणजे भोकाभोवतीच्या आखूड गवतावर, पोचायचं होतं.

यावर हमखास येणारं उत्तर म्हणजे भारताची गोल्फपटू अदिती अशोक. ऑगस्ट 2021 मध्ये टोकियो ऑलिंपिकची शेवटची फेरी बघायला आमच्या ग्रुपमधल्या सगळ्या जणी पहाटेच उठून बसल्या होत्या. अदिती चौथी आली, पदक एका फटक्याने हुकलं. तिचे ड्राइव्ह मैदानातल्या बहुतेक जणींपेक्षा बरेच आखूड पडत होते, आणि ती हायब्रिड आणि पटिंगच्या जोरावर नेली कोर्डा, मोने इनामी, लिडिया को यांच्याशी झुंजत होती. "बघा, अंतर लागतंच असं नाही," असं तेव्हा सगळे म्हणाले. मला त्यातून उलटंच दिसलं. अदितीसारखा पट मारणारी बाई लाखात एक. तिच्याजवळ जे आहे ते माझ्याजवळ नाही, म्हणून मला अंतराची गरज तिच्यापेक्षा जास्त. कोलंबिया विद्यापीठाच्या मार्क ब्रॉडी यांनी हजारो फेऱ्यांतले फटके मोजून दाखवलंय की चांगल्या आणि सुमार खेळाडूंच्या स्कोअरमधला सुमारे दोन तृतीयांश फरक 100 यार्डांपलीकडून मारलेल्या फटक्यांतून येतो. पटिंगवर सगळं ठरतं ही म्हण ऐकायला छान आहे, पण हिशेबात बसत नाही. माझा व्यवसायच कॉस्ट अकाउंटिंगचा, त्यामुळे मला हिशेबात न बसणाऱ्या म्हणी आवडत नाहीत.

तर सुरुवात मोजण्यापासून केली. अंधेरीत एका इनडोअर सेंटरमध्ये रडारवाला लाँच मॉनिटर आहे. तुम्ही जाळीत चेंडू मारायचा आणि तो मागे उभा राहून सगळं सांगतो: क्लबचं डोकं किती वेगाने आलं, चेंडू किती वेगाने निघाला, किती अंशांत उडाला, किती फिरत होता. माझे आकडे असे होते. क्लबचा वेग ताशी 74 मैल, चेंडूचा वेग ताशी 100 मैल, क्लब चेंडूवर वरून खाली येताना चार अंश उतरता, चेंडू जेमतेम नऊ अंशांत उडालेला.

यातल्या पहिल्या दोन आकड्यांचा भागाकार केला की 1.35 येतो. गोल्फवाले त्याला स्मॅश फॅक्टर म्हणतात. ड्रायव्हरसाठी, म्हणजे ड्राइव्ह मारायच्या क्लबसाठी, तो जास्तीत जास्त 1.5 च्या आसपास जातो, कारण क्लबच्या पात्याचा स्प्रिंगसारखा परिणाम किती असावा यावर नियमांनीच मर्यादा घातली आहे. डोक्याचं आकारमानही 460 घनसेंटीमीटरच्या वर नेता येत नाही. "दहा यार्ड जास्त" अशी जाहिरात दरवर्षी येते. त्या सगळ्या खऱ्या धरल्या असत्या तर एव्हाना खारघरहून मारलेला चेंडू पनवेलला पडायला हवा होता. बाजारातून यार्ड विकत घ्यायला फार वाव नाही, हे मला त्या नियमांनी आधीच सांगून टाकलं. पण 1.35 आणि 1.45 यांच्यातला फरक मात्र माझ्या हातातला होता, आणि तोही एक रत्तल जास्त जोर न लावता.

माझे कोच पूर्वी कॅडी, म्हणजे खेळाडूंच्या पिशव्या वाहणारे, होते. आपल्याकडचे बरेच चांगले कोच असे कॅडीगिरीतून वर आलेले आहेत. बोलणं थोडं, नजर घारीची. त्यांनी मला जोर लावायला शिकवलंच नाही. खिशातून व्हाइटबोर्डचा मार्कर काढला, चेंडूवर शर्टाच्या बटणाएवढा ठिपका काढला आणि ठिपका क्लबकडे तोंड करून चेंडू टीवर, म्हणजे छोट्या खुंटीवर, ठेवला. मारल्यावर ठिपक्याचा ठसा ड्रायव्हरच्या पात्यावर उमटतो. माझे ठसे टाचेकडे, म्हणजे जिथे दांडा डोक्याला जोडलेला असतो त्या बाजूला, आणि खालच्या अंगाला होते. एकाखाली एक, हिरवे, मुंग्यांनी रांग धरावी तसे. टाचेकडून लागलेला चेंडू उजवीकडे वळत जातो, उडतो कमी, आणि वेगही चोरीला जातो. चेंडू पात्याला चिकटून असतो तो सेकंदाचा जेमतेम दोन-हजारावा भाग, तेवढ्यात हाताला काय कळणार? मला प्रत्येक फटका मधोमधच लागल्यासारखा वाटायचा. ठसा मात्र लबाडी करत नाही.

उपाय कंटाळवाणा होता. निम्म्या जोराने मारायचं, ठसा बघायचा, ओल्या फडक्याने पुसायचा, परत मारायचं. उभी राहताना माझं वजन टाचांवर असायचं आणि खाली येताना बोटांवर जायचं, त्यामुळे मी चेंडूजवळ सरकायचे आणि क्लबची टाच लागायची. वजन सुरुवातीपासून पावलाच्या मध्यावर ठेवायचं, एवढीच दुरुस्ती. ठसे हळूहळू मध्याकडे आणि मध्याच्या किंचित वर सरकले. क्लबचा वेग होता तिथेच होता आणि चेंडू दहाएक यार्ड पुढे पडायला लागला. हिशेबाच्या वहीत पहिली जमा.

दुसरी जमा ड्रायव्हर बदलून झाली. मी नवऱ्याचा जुना ड्रायव्हर वापरत होते, साडेनऊ अंशांच्या लॉफ्टचा (म्हणजे पात्याच्या मागे झुकलेल्या कोनाचा), ताठ दांड्याचा. घरात पडून आहे तर वापरू, हा आपला मध्यमवर्गीय हिशेब. पण ताशी 74 मैलांच्या स्विंगला साडेनऊ अंश म्हणजे चेंडू हवेत राहायलाच तयार नसतो. वेग कमी असेल तर चेंडूला उंची जास्त लागते, आणि ती लॉफ्टमधूनच मिळते. पुरुषांना आपला ड्रायव्हर नऊ अंशांचा आहे हे सांगण्यात काय मजा येते कोण जाणे. त्यातल्या निम्म्यांनी बारा घेतला तर ते स्वतःलाच ओळखणार नाहीत. मी साडेबारा अंशांचा, मऊ दांड्याचा, सेकंडहँड घेतला. टी उंच केली, निम्मा चेंडू क्लबच्या माथ्याच्या वर दिसेल इतकी. चेंडू डाव्या टाचेच्या आतल्या रेषेत आणला आणि उभं राहताना उजवा खांदा डाव्यापेक्षा थोडा खाली सोडला. मग क्लब चेंडूपर्यंत येताना तळ गाठून किंचित वर चढायला लागला. चार अंश उतरता होता तो दोन अंश चढता झाला. चेंडू आता पंधरा अंशांत उडतो. इथे आणखी दहाएक यार्ड.

इथपर्यंत सगळं सोपं होतं. वेग वाढवणं ही खरी मेख.

वेग म्हटलं की क्लबात सगळ्यांना अमेरिकन गोल्फपटू ब्रायसन डीशॅम्बो आठवतो. 2020 मध्ये त्याने खाऊन-पिऊन आणि व्यायाम करून अंग वाढवलं, सप्टेंबरात विंग्ड फूटच्या मैदानावर यूएस ओपन सहा फटक्यांनी जिंकली, आणि आमच्याकडे दोन-तीन काकांनी प्रोटीनचे डबे आणले. त्यांचं वजन वाढलं. अंतराबद्दल ते फारसं बोलत नाहीत.

माझं दुखणं वेगळंच होतं. क्लब उलटा धरायचा, म्हणजे डोक्याजवळ पकडायचं आणि मूठ हवेत फिरवायची, की सूंऽऽ असा आवाज येतो. कोचनी डोळे मिटून ऐकायला सांगितलं. माझा आवाज उजव्या खांद्यापाशीच येऊन विरायचा. चेंडू जिथे असतो तिथे येईपर्यंत सगळा वेग संपलेला. हाताने मारायची घाई, दुसरं काही नाही.

"मॅडम, गोफण फिरवलीय का कधी?" त्यांनी विचारलं. त्यांचं गाव सोलापूरकडचं, लहानपणी जोंधळ्याच्या रानात माळ्यावर उभं राहून पाखरं राखलेली. "गोफणीत जोर हाताचा नसतो. आधी कंबर जाते, मग खांदा, मग हात. आणि हात थांबतो तवा दगड सुटतो. हात थांबलाच नाही तर दगड पायाशी पडंल."

हे ऐकून घरी आल्यावर मी स्विंगबद्दल वाचलं तेव्हा कळलं की प्रयोगशाळांतले सेन्सर नेमकं हेच दाखवतात. खाली येताना कंबरेचा वेग आधी शिगेला पोचतो आणि ओसरतो, मग धडाचा, मग हातांचा, आणि शेवटी क्लबचा. आधीचा भाग मंदावतो तेव्हा त्याचा वेग पुढच्याला मिळतो. माझ्यात सगळे एकदम निघायचे आणि हात सगळ्यांत पुढे. मग क्लबला द्यायला कोणाकडेच काही शिल्लक नसायचं.

क्रम बदलायला जो सराव दिला त्याचं नाव स्टेप ड्रिल. पाय जुळवून उभं राहायचं, क्लब मागे जात असतानाच डावा पाय उचलून पुढे टाकायचा, आणि तो जमिनीवर टेकल्यावरच खाली यायचं. पहिल्यांदा अगदी अडखळल्यासारखं होतं. चेंडू कुठेही जातो, कधी जातच नाही. पण काही दिवसांनी एक गोष्ट पावलाला कळली: डावा पाय टेकतो, जमिनीत दाबला जातो, गुडघा सरळ होतो, आणि तो सरळ होण्याचा धक्का कंबर मागे-वर ढकलतो. क्लब आपोआप सुटतो. लांब मारणाऱ्यांची डावी टाच फटक्याच्या वेळी जमिनीवरून सुटताना दिसते ती याच ढकलण्याने. उलट्या क्लबचा आवाज आता डाव्या पायाच्या पुढे यायला लागला. तो पहिल्यांदा तिथे आला तेव्हा कोच नुसते "हां" म्हणाले, आणि त्यांच्याकडून हे बरंच झालं.

इथे एका फुकटच्या सल्ल्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. रेंजवर, म्हणजे सरावाच्या मैदानावर, बाई एकटी सराव करताना दिसली की शेजारच्या पट्टीवरून कुणीतरी येतंच: "मान खाली ठेवा, डावा हात ताठ ठेवा, पाय हलवू नका." हे तिन्ही इमानेइतबारे पाळले तर माणूस खांबासारखा उभा राहतो आणि फक्त दंड फिरवतो. पन्नाशीतल्या कडक कंबरेला पाय न हलवता मागे वळताच येत नाही. मला तर कोचनी बॅकस्विंगमध्ये, म्हणजे क्लब मागे नेताना, डावी टाच उचलायचीच मुभा दिली. अमेरिकेचा जॅक निक्लॉस उचलायचा, आणि त्याच्या नावावर अठरा मेजर, म्हणजे गोल्फमधल्या सर्वांत मोठ्या स्पर्धा, आहेत. टाच उचलल्याबरोबर माझे खांदे आणखी कितीतरी वळले, पाठीवरचा ताणही गेला.

एवढं झाल्यावर मग वेगाचा स्वतंत्र सराव. यासाठी तीन काठ्यांचे संच मिळतात. एक ड्रायव्हरपेक्षा वीसेक टक्के हलकी, दुसरी दहा टक्के हलकी, तिसरी पाच टक्के जड. चेंडू नाही, निशाण नाही, नुसतं जिवाच्या आकांताने फिरवायचं. हलक्या काठीने शरीराला एक वेग माहीत होतो, मग जड काठीनेही तो सोडायचा नाही, असा त्यामागचा विचार. दोन फेऱ्यांच्या मध्ये दम खायचा, कारण थकल्यावर फिरवलं तर शरीर मंद वेगच गिरवतं. आणि उजवीकडून जेवढं तेवढंच डावीकडूनही, पाठ एका अंगाला ओढली जाऊ नये म्हणून.

हे मी आमच्या सोसायटीच्या गच्चीवर करायचे, पाण्याच्या टाकीमागे. सकाळी सहा वाजता पन्नाशीची बाई काठी घेऊन हवेत वार करतेय, तेही एकदा उजवीकडून एकदा डावीकडून, हे दृश्य समोरच्या इमारतीतल्या लोकांनी फुकट पाहिलं. कबुतरांनी मात्र लवकरच ती जागा सोडली. सेक्रेटरींनी विचारलं, हे कुठलं मार्शल आर्ट? मी म्हटलं, तसंच समजा. जमिनीवर एक छोटं रडार ठेवलं होतं, वेग दाखवणारं. त्याशिवाय या सरावाला अर्थ नाही, कारण जोर लावल्याचा भास आणि प्रत्यक्ष वेग यांचा एकमेकांशी फारसा संबंध नसतो. दात-ओठ खाऊन मारलेला वार कमी भरायचा आणि मनगटं ढिली सोडून मारलेला जास्त. ही गोष्ट कोच कितीदा तरी सांगून थकले होते, पण आकडा समोर आल्यावर पटली.

वेग सरळ रेषेत वाढत नाही. आधी भराभर दोन-तीन मैल, मग नुसतं ठप्प. त्या ठप्प काळातच कोपर दुखायला लागलं, उजव्या हाताचं, आतल्या बाजूचं. याला गोल्फर्स एल्बो असंच नाव आहे, म्हणजे मी अधिकृत गोल्फर झाले म्हणायचं. दुखण्याचं कारण त्या काठ्या नव्हत्या. मुंबईतल्या बहुतेक रेंजवर सिमेंटच्या कोब्यावर मॅट टाकलेली असते, आणि तिच्यावर आयर्न (जमिनीवरून चेंडू मारायचे धातूच्या पात्याचे क्लब) मारताना प्रत्येक फटक्याचा दणका कोपरात जातो. फिजिओने मॅटवरचे आयर्न बंद केले. ड्रायव्हर टीवरून असल्यामुळे तो चालू राहिला. तिने माझ्या कंबरेचं आणि पाठीच्या वरच्या भागाचं वळणंही तपासलं आणि जमिनीवर झोपून करायचे साधे व्यायाम दिले. जिममध्ये डेडलिफ्ट आणि मेडिसिन बॉल भिंतीवर आपटणं एवढंच केलं. या ताकदीचा अंतराला किती हात लागला हे मला वेगळं काढून दाखवता येणार नाही. अठराव्या भोकापर्यंत पाय शिल्लक राहतात, हे मात्र नक्की, आणि या वयात हाडांसाठी ते करायलाच हवं होतं.

शेवटी क्लबचा वेग ताशी 80 मैलांवर स्थिरावला. सहा मैल जास्त. एका मैलामागे अडीचेक यार्ड मिळतात, असा ढोबळ हिशेब आहे, म्हणजे पंधरा यार्ड. आधीचे दहा आणि दहा धरून पस्तीस. अंधेरीच्या रडारवर परत गेले तेव्हा चेंडूचा वेग ताशी 114 मैल आला आणि कॅरी, म्हणजे हवेतलं अंतर, 165 च्या आसपास. वही जुळली.

कोर्सवर वही इतकी नीट जुळत नाही, हेही सांगायला हवं. पावसाळ्यात खारघरला पांडवकड्याच्या पायथ्याशी खेळताना चेंडू पडतो तिथेच रुततो, एक इंचही घरंगळत नाही, आणि त्या चार महिन्यांत हवेत जेवढं गेलं तेवढंच तुमचं. खरं तर कॅरीची किंमत मला तिथेच कळली. उन्हाळ्यात फेअरवे, म्हणजे भोकाकडे जाणारा कापलेल्या गवताचा पट्टा, तापून टणक झाला की तोच फटका वीस-पंचवीस यार्ड जास्त जातो आणि सगळे स्वतःवर खूश असतात. माहेरी पुण्याला गेले की तिथेही खेळते. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर, हवा थोडी विरळ, त्यामुळे दोनेक टक्के अंतर आपोआप वाढतं. तीन यार्ड. भावाला हे सांगितलं नाही, त्याला वाटतं मी त्याच्या कोर्सवर जास्त चांगलं खेळते.

अंतर वाढल्याने नवी संकटंही आली. पूर्वी माझा चेंडू पोचायचाच नाही असे बंकर, म्हणजे वाळूचे खड्डे, आता बरोबर माझ्या टप्प्यात आहेत. उजवीकडे जाणारा चेंडू पूर्वी रफमध्ये, म्हणजे कडेच्या उंच गवतात, थांबायचा, आता तो थेट झाडीत जातो. कोण पटिंगवर आणि कोण ड्राइव्हवर जिंकतं, या वादात क्लबातले काका अजून पडलेले असतात. त्या 310 यार्डांच्या पार फोरला माझ्या हातात आता दुसऱ्या फटक्यासाठी 165 ऐवजी 130 यार्ड असतात कधी, कधी 140, आणि हायब्रिडने ग्रीनच्या तोंडापर्यंत पोचते. दर वेळी नाही.

वेग टिकवायला आठवड्यातून एकदा तरी काठ्या फिरवाव्या लागतात. पावसात गच्ची निसरडी म्हणून सोडलं तर रडारवरचे दोन मैल खाली आलेले दिसतात. सध्या भलतीच पंचाईत झाली आहे. ड्रायव्हर चढत्या अंशात मारायला शिकले, आणि आयर्न उतरत्या अंशात मारायचा असतो. माझ्या शरीराने दोन्हींना एकच नियम लावलाय, त्यामुळे सेव्हन आयर्न सतत चेंडूच्या डोक्यावर बसतोय. कोचनी परवा खिशातून मार्कर काढला, पण या वेळी चेंडूला हात न लावता चेंडूच्या पुढे गवतावर एक रेघ मारली. गवत कापलं जायला हवं ते रेघेच्या पुढे. माझं अजून अलीकडे कापलं जातंय.